दुपारी पावणेतीनची पहाट

तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता. उत्तर लिहायला बसले ती आत्ता, रात्रीची भांडी आवरल्यावर. मधला सगळा दिवस तुमच्या ताईंचे तीन शब्द डोक्यात होते.

इतरांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुमच्या आई १४ महिने अंथरुणाला खिळून होत्या. आधी अर्धांगवायू, मग पाठीला जखमा. ताईंनी त्यांचं सगळं केलं. तुम्ही पुण्यात नोकरीला, महिन्यातून एक फेरी. आई गेल्या दुपारी पावणेतीनला, तुम्ही लातूरला पोचलात रात्री साडेदहाला. वर्षश्राद्धानंतर तुम्ही कविता लिहिली, संमेलनात वाचली, सभागृह रडलं, व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठांनी जागेवरून उठून पाठ थोपटली. ताई मात्र मध्येच उठून बाहेर गेल्या, आणि परतीच्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "ही कोणाची आई?" आता तुम्ही विचारता आहात, कवितेनं खरं बोलायचं की सुंदर व्हायचं? सौंदर्य हेच सत्य असं इंग्रज कवी कीट्स म्हणून गेला असेल, तर माझं चुकलं कुठे?

तुम्ही दिलेल्या चार ओळी अशा:

पहाटेच्या ओंजळीत
पारिजात गळावा तशी गेलीस तू, आई,
देठाचा केशरी रंग
माझ्या तळहातावर ठेवून.

मी सौंदर्यशास्त्राची अभ्यासक वगैरे नाही. ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि त्यातली वीसेक वर्षं एका लहानशा दिवाळी अंकाच्या कवितांचा गठ्ठा माझ्याकडे यायचा. पहिल्या पावसाबरोबर पाकिटं सुरू व्हायची, ती गणपतीपर्यंत येत राहायची. सगळ्यात जास्त कविता आईवरच्या. नाकारताना हातही सगळ्यात जड त्यांच्याच वेळी व्हायचा. कोणाची आई 'साभार परत' कशी पाठवायची? तरी पाठवाव्या लागल्या, शेकड्यांनी. जे काही सांगणार आहे ते त्या गठ्ठ्यातून आलेलं आहे.

काही गोष्टी मला माहीत नाहीत, आणि माझं उत्तर त्यांवर बरंच अवलंबून आहे. पूर्ण कविता मी वाचलेली नाही. ताईंना नक्की काय बोचलं ते त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही, तुम्हीही विचारलेलं दिसत नाही. आणि ही कविता कशासाठी लिहिली हेही कळत नाही. तेराव्याला फोटोखाली लावण्याच्या चार ओळी असतील तर पारिजातकाला कोणी हरकत घेऊ नये. तिथे शब्दांचं काम उदबत्तीचं असतं. पण तुम्ही ती संमेलनात कविता म्हणून वाचलीत आणि आता संग्रहात घेणार आहात, म्हणून कविता म्हणूनच बोलते.

आधी एक गैरसमज दूर करू. तुम्ही धरून चालला आहात की ताईंचा आक्षेप वेळेवर आहे, दुपारची पहाट केलीत म्हणून. मला तसं वाटत नाही. वेळ बदलण्याचा कवीला पूर्ण अधिकार आहे. कीट्सचंच बघा. होमरच्या भाषांतरावरच्या त्याच्या १८१६ सालच्या सुनीतात स्पॅनिश सेनानी कोर्तेझ डोंगरावर उभा राहून पॅसिफिक महासागराकडे बघतो. इतिहासात तिथे उभा राहिलेला माणूस बाल्बोआ, साल १५१३. चूक ढळढळीत आहे आणि दोनशे वर्षं कवितेचं काही बिघडलेलं नाही, कारण ती कविता महासागर कोणी पाहिला हे सांगायला बसलेलीच नाही. नवं काही दिसल्यावर माणूस कसा गप्प होतो, ते ती सांगते, आणि तिथे ती एका अक्षरानंही खोटी नाही. आपल्याकडे तर हा खटला हजार वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. काव्य असत्य सांगतं म्हणून ते शिकवू नये, असा आक्षेप संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखरानं आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात स्वतःच मांडला आणि तो खोडून काढला. अतिशयोक्ती वेदातही आहे, शास्त्रातही आहे, मग एकट्या कवीलाच का धरता, असा त्याचा साधारण सूर. तेव्हा पहाट तुम्हाला माफ. आईंचं नाव बदललंत, गाव बदललंत, तरी माफ.

आता ती ओळ, जी तुम्ही ढालीसारखी पुढे धरली आहे. ती ज्या कवितेत येते ती कीट्सची ग्रीक कलशावरची कविता १८१९ ची. शेवटी येणारं 'सौंदर्य हेच सत्य, सत्य हेच सौंदर्य' हे म्हणतो कोण? कलश म्हणतो. १८२० च्या पुस्तकात नेमक्या एवढ्याच शब्दांना अवतरणचिन्हं आहेत. त्याआधी एका नियतकालिकात छापली तेव्हा ती नव्हती. त्या चिन्हांवरून इंग्रजीची मंडळी आजही वाद घालतात. कवी-समीक्षक टी. एस. एलियटनं तर १९२९ मध्ये सरळ लिहून टाकलं की एका सुंदर कवितेवरचा हा गंभीर डाग आहे. मला इतकं कडक होता येत नाही, कारण बोलणारा कोण आहे ते मी विसरू शकत नाही. त्या कलशावर प्रियकर कायमचा चुंबनाच्या अलीकडे थांबलेला आहे, झाडाचं पान गळत नाही, बासरी थांबत नाही. ज्याला म्हातारपण नाही, खोकला नाही, अशा भांड्याच्या तोंडी ते वाक्य आहे. भांड्यापुरतं ते खरंच असेल.

लिहिणारा मात्र भांडं नव्हता. कीट्स लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जखमा बांधण्याचं काम केलेला माणूस. धाकटा भाऊ टॉम क्षयानं आजारी पडला तेव्हा यानंच त्याची शुश्रूषा केली, आणि १ डिसेंबर १८१८ ला टॉम गेला. पुढच्याच वसंतात त्यानं कलशाची कविता लिहिली, आणि त्याच वसंतात नाइटिंगेल पक्ष्यावरचीही. त्या दुसऱ्या कवितेत तारुण्य फिकट होतं, भुतासारखं हडकतं आणि मरतं, असं सरळ लिहिलेलं आहे. तिथे फूल नाही. म्हणजे ज्याच्या नावावर आपण सौंदर्य आणि सत्य एकच असं खपवतो, त्यानं आजाऱ्याच्या उशाशी बसून जे पाहिलं ते झाकलेलं नाही. आणखी एक गंमत. तो कलश तसा कुठे अस्तित्वातच नाही. एका पुस्तकातल्या ग्रीक कलशाचं रेखाटन त्यानं गिरवलं होतं, पण कवितेतली सगळी चित्रं एकत्र असलेलं भांडं आजवर कोणाला सापडलेलं नाही. त्यानं ते मनानं घडवलं. भांडं बनावट असलेलं कवितेला चाललं.

इथवर एवढं झालं, की काय घडलं ते बदललं तरी कविता खोटी होत नाही. मग ताईंना काय खोटं वाटलं?

माझ्या मते दोन गोष्टी, आणि दोन्ही त्या चार ओळींतच आहेत.

पहिली उपमा. उपमा आपण दागिना समजतो, शाळेत तसंच शिकवतो. उपमा, उत्प्रेक्षा, अलंकार ओळखा, दोन गुण. मीही तसंच शिकवलं. पण गठ्ठे वाचता वाचता लक्षात आलं की प्रत्येक उपमा काहीतरी विधान करत असते, आणि ते विधान खरं किंवा खोटं असू शकतं. पारिजात कसा गळतो? वारा लागत नाही, कोणी खुडावं लागत नाही, पहाटे आपसूक अंगणात सडा पडलेला असतो. तुमची उपमा म्हणते की आई अशा गेल्या. आता पाठीला जखमा झालेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. १४ महिन्यांचा हिशोब केला तर पाच हजार वेळा तरी ताईंनी आईंना या कुशीवरून त्या कुशीवर केलं असेल. त्यांच्या कमरेला विचारा पारिजात कसा गळतो ते. तुमच्या त्या एका 'तशी'नं पाच हजार वेळा उचललेलं ओझं खाली ठेवून दिलं, जणू ते कधी उचललंच नव्हतं.

अकराव्या शतकात काश्मिरात क्षेमेंद्र नावाचा संस्कृत पंडित होऊन गेला. त्यानं औचित्य हा एकच शब्द धरून आख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला एक दाखला मी वर्गात सांगायचे आणि पोरं हसायची. कंबरपट्टा गळ्यात घातला, हार कमरेला बांधला, पैंजण हातात चढवले आणि बाजूबंद पायात, तर लोक हसणार नाहीत का? दागिने सगळे सोन्याचेच, जागा चुकली. पारिजात अस्सल आहे. देठाचा केशरी रंग हे तुमचं निरीक्षण तर मला फार आवडलं. अचानक, झोपेत, काही न मागता गेलेल्या एखाद्या आजीसाठी ते ठेवून द्या.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, आणि तुम्हाला लागेल. 'माझ्या तळहातावर.' तुम्ही तिथे नव्हतात. तुमची गाडी त्या वेळी पुण्यातून निघालीही नसेल. कवितेतला 'मी' आणि कवी एकच नसतो, हे मला ठाऊक आहे, मीच मुलांना घोकून घ्यायला लावलं आहे. तरीही या कवितेत त्या ओंजळीशी कोणीतरी बसलेलं होतं, खरोखरीचं. तिला उठवून तुम्ही तिच्या जागी बसलात. ताईंनी विचारलं "ही कोणाची आई?" माझ्या कानाला ते असं ऐकू येतं, "मग मी कुठे होते?" चूक असेन तर ताईच सांगतील.

तुकोबांचा एक अभंग इथे बाजूला ठेवून बघण्यासारखा आहे. तो चरित्राचा अभंग आपण भाविकपणे वाचतो, किंवा परीक्षेसाठी वाचतो, पण कारागिरी म्हणून फारसा वाचत नाही. तोही एका प्रश्नाचं उत्तर आहे. 'नये बोलों परि पाळिलें वचन, केलियाचा प्रश्न तुम्ही संतीं', असं सुरुवातीलाच म्हणतात. बोलू नये, पण विचारलंत म्हणून सांगतो. पुढे येतं:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

१६३० च्या सुमाराचा तो दख्खनचा मोठा दुष्काळ. या दोन ओळींत एकही उपमा नाही. विशेषण म्हणावं असं काही नाही. बायकोचं नाव नाही, डोळ्यांतलं पाणी नाही. 'स्त्री एकी', एक बायको. दोन होत्या, त्यांतली एक. वाण्याच्या घरातला माणूस वहीत नोंद करावी तसं लिहितो. पैसा आटला, पत गेली, बायको गेली, आणि लगेच पुढच्या ओळीत लाज आणि धंद्यातली तूट. ती मेली ती या जमाखर्चाच्या मधोमध. शोक करायलासुद्धा वेगळी ओळ मिळाली नाही तिला. आणि मग ते दोनदा आलेलं 'अन्न अन्न'. हा तिचा आवाज आहे. अख्ख्या अभंगात ती एवढंच बोलते, तेही दुसऱ्याच्या वाक्यात अडकून. मोठ्यानं म्हणून बघा, 'अन्न अन्न करितां' म्हणताना जीभ दोनदा टाळूला अडते आणि मग 'मेली'वर सुटते. माझ्या वर्गात ही ओळ वाचली की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. याला सुंदर म्हणायचं का? मी म्हणते. दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. नंतर कितीही कोरडं वाचलं तरी ती ओळ कानातून जात नाही, आणि त्यात सजवलेलं काहीच नाही. जे घडलं तेच इतकं नेमकं ठेवलं आहे की त्यातला एक शब्द हलवता येत नाही.

त्याच अभंगात पुढे ती दुसरी ओळ आहे, जी आपण सुविचारासारखी फळ्यावर लिहितो: 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता.' खरं काय, खोटं काय, याला मी मन साक्षीदार ठेवलं, बहुमत मानलं नाही. ज्या माणसानं बायको 'अन्न अन्न करितां मेली' असं लिहिलं, तोच हे लिहितो. फळ्यावर ही ओळ एकटी असली की हे नातं दिसत नाही.

तुमच्या बाबतीत बहुमत कोणतं ते उघड आहे. रडलेलं सभागृह. त्या लोकांना दोष देत नाही मी. ते आपापल्या आईसाठी रडले, आणि पारिजात सगळ्यांच्या अंगणात बसतो. म्हणूनच तो इतका सोयीचा आहे. ग्वाही देऊ शकेल असं एकच माणूस त्या सभागृहात होतं, आणि ते उठून बाहेर गेलं.

आता तुमच्या प्रश्नातलंच एक वाक्य तुम्हाला परत देते. शेवटाकडे, 'ताई थोडी चिडखोर झाली आहे' असं म्हणून झाल्यावर तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, "मी पोचलो तेव्हा आईला हॉलमध्ये खाली ठेवलं होतं, आतली खाट रिकामी होती आणि एअर बेडचा पंप चालू होता. दुपारी लाइट गेली होती, आली तेव्हा तो आपोआप सुरू झाला असणार." आणि त्याच्या आधीच्या वाक्यात, लाइट नसल्यानं ताई पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

हे वाचून मी उठून पाणी प्यायले. रिकाम्या गादीत हवा भरत बसलेला पंप. तिथे तुम्ही होतात. ते दृश्य तुमचं आहे, ताईंचंही नाही, कारण त्या हॉलमध्ये होत्या. उशिरा आलेल्या मुलाला जे दिसू शकतं तेवढंच ते आहे, आणि म्हणून त्याची ग्वाही तुम्ही देऊ शकता. त्यात तुमची अनुपस्थितीही आली, काही कबूल न करता. पारिजात लिहिताना तुम्ही दार बंद करून घेतलं होतं. प्रश्न लिहिताना बेसावध होतात, म्हणून ते आत आलं. कवितेच्या वहीपेक्षा कवीच्या पत्रात जास्त कविता असते, हे मी पाकिटांसोबत येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून शिकले.

पण लगेच दुसऱ्या टोकाला पळू नका, हे मुद्दाम सांगते. अशा वेळी कवी म्हणतो, ठीक, मग आता जखमा लिहितो, वास लिहितो, पू लिहितो. आमच्याकडे काही वर्षं तसाही पूर आला होता. फुलं गेली आणि त्यांच्या जागी गटारं आली, मात्र बघणं तितकंच आळशी. घाण म्हणजे आपोआप सत्य, असं नसतं. घाणीचाही दागिना होतो, आणि तो जास्त मिरवला जातो. मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' आठवा. मेलेले उंदीर बघून लोक बिचकले. पण ओळ मोजून बघा, आठ आणि आठ, चोख सोळा मात्रा, झुलवणारी लय. 'ओल्या' हे विशेषण पिपाचं, पण ते 'उंदिर'च्या शेजारी सरकवलेलं, म्हणजे वाचताना ओल उंदरांनाही लागते. इतकी मेहनत मेलेल्या उंदरांसाठी! ती घेतली नसती तर ते उंदीर महानगरपालिकेच्या तक्रारवहीत राहिले असते. सौंदर्य म्हणताना मला ही मेहनत अभिप्रेत असते. गोष्टीकडे पुरेसा वेळ बघणं, आणि मग तिच्या मापाचा शब्द मिळेपर्यंत हातातला शब्द न वापरणं.

यात मीही सपशेल आपटले आहे. एकदा ऊसतोड करणाऱ्या घरातल्या एका मुलीची कविता आली होती. त्यात 'कोपी' हा शब्द होता. आमच्या वाचकांना कळणार नाही आणि 'झोपडी' लयीत जास्त गोड बसतं, म्हणून मी परस्पर 'झोपडी' केलं. अंक छापून गेला. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. त्यात एवढंच होतं, "बाई, झोपडीला दार असतं. कोपीला गोणपाट असतं." मी ते कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं आहे. त्या मुलीच्या कवितेत पुढे रात्रीची भीती होती, आणि ती सगळी त्या नसलेल्या दारावर उभी होती. मी एक गोड शब्द घातला आणि तिच्या घराला दार बसवून दिलं. भीती राहिली, पण तिला कारण उरलं नाही. तिची माफी मागितली, पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. दुरुस्ती वाचतं कोण?

तुम्ही 'आणि आयुष्यात काय?' असंही विचारलं आहे. तिथे मी कवितेइतकी ठाम नाही. आजाऱ्यानं "मला वास येतो का गं?" असं विचारलं तर "नाही" म्हणणारी बाई खोटं बोलते असं मला म्हणवत नाही. मीही एकदा म्हटलं आहे, सासूबाईंना, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. समोर ऐकणारं माणूस आहे, त्याच्याकडे आता थोडेच दिवस आहेत, तिथे हिशोब निराळा. कवितेला असली घाई नसते. तिच्यात कोणाला आजची रात्र काढायची नसते. म्हणून खाटेशेजारी चालतं ते कागदावर चालेलच असं नाही, आणि उलटंही. कागदावरचं सत्य घेऊन घरात कोणाच्या अंगावर जाऊ नये. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात बोलणं कसं असावं ते सांगितलं आहे: 'साच आणि मवाळ, मितले आणि रसाळ, शब्द जैसे कल्लोळ अमृताचे.' ही ओवी अहिंसा समजावताना येते, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. मवाळ हवं, रसाळ हवं, पण पहिलं 'साच'. त्याच्या पुढेच बोलण्यात काय नसावं याची यादी आहे, आणि तिच्यात 'वर्मस्पर्शु' आहे. दुखऱ्या जागी बोट ठेवणं. तुमच्या पारिजातानं ताईंच्या वर्मावर बोट ठेवलं, हे तुम्हाला कळलंही नाही. कवितेत कठोर एक शब्द नव्हता, सगळं मवाळच होतं, तरीही.

तेव्हा काय करायचं. ही कविता फाडू नका. संग्रहात घेण्याचीही घाई करू नका. वहीत राहू दे. ती तुमच्या दुःखाची पहिली पायरी आहे आणि ती खोटी नाही. आई अलगद जावी असं तुम्हाला वाटत होतं, आणि त्या गेल्या नाहीत. ते 'वाटत होतं' कवितेत आलं असतं तर पारिजातही चालला असता, हे मात्र नोंदवून ठेवा. 'गळावा तशी गेलीस' आणि 'गळावा तशी जायला हवी होतीस', या दोहोंत व्याकरणाचा केवढासा फरक आहे बघा. दुसऱ्या ओळीवर ताई उठून गेल्या असत्या का, सांगता येत नाही. कदाचित बसल्या असत्या.

नवी लिहायची तर आत्ता लिहू नका. आधी लातूरला जा, आणि या वेळी कविता बरोबर नेऊ नका. व्हॉट्सॲपवर 'नवीन ड्राफ्ट कसा वाटतो ताई' असं तर मुळीच पाठवू नका. त्यांना मंजुरी देण्याचं आणखी एक काम लावू नका, पुष्कळ केली आहेत त्यांनी. स्वयंपाकघरात बसा, शेंगा सोला, आणि त्या दुपारचं विचारा. सांगतील, नाहीतर नाही सांगणार. सांगितलं तर ते त्यांचं आहे. त्यातलं काही कवितेत घ्यायचं असेल तर विचारून घ्या, आणि 'नको' म्हणाल्या तर सोडून द्या. पंपाला मात्र कोणाची परवानगी लागणार नाही.

एक राहिलं. पंप आपोआप सुरू झाला असणार, असं तुम्ही लिहिलं आहे. तो बंद कोणी केला, ते तुमच्या प्रश्नात कुठे आलेलं नाही.